थाळी कोणाच्या दारात वाजवायची?

गेल्या अंकात महागाईच्या मोर्च्यांवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावरून बरीच पत्रं आली. जवळपास सगळ्यांच्या मनात एकच घोळतंय, की कुणाच्या दारात जाऊन गोंगाट करून त्याला लाज आणणं बरोबर की चूक. चार पत्रं घेतलीत, जरा सविस्तर लिहिते.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही भांडुपचे, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली म्हणून सध्या मुलुंडला भाड्याने राहतोय. एकूण ३८ घरं. पहिलं दीड वर्ष बिल्डरने भाडं वेळेवर दिलं, मग बंद, आज ११ महिने झाले एक दमडी नाही. ऑफिसला गेलं तर सांगतात सर साईटवर, साईटवर गेलं तर वॉचमन म्हणतो साहेब ऑफिसला. आम्ही बायकांनी ठरवलंय थाळ्या आणि लाटणी घेऊन ऑफिससमोर जायचं. पण आमच्यातलेच एक रिटायर्ड काका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज लिहितात की सुशिक्षित माणसांना हे शोभत नाही, आणि थाळ्या बडवणं हे करोनात निघालेलं फॅड आहे. खरंच हे आपल्याकडचं नाही का? आणि पोलीस पकडतील का?
— एक वाचक, मुलुंड पूर्व

उत्तर : काकांना आधी हे सांगा की थाळी करोनाच्या कितीतरी आधीची आहे आणि ती मुंबईच्या रस्त्यावर वाजलेली आहे. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी ५ वाजता आपण सगळ्यांनी गॅलरीत उभं राहून वाजवली ती डॉक्टर-नर्सचे आभार मानायला, आणि त्याच वर्षी २७ डिसेंबरला दिल्लीच्या सीमेवर बसलेल्या शेतकऱ्यांनी 'मन की बात' रेडिओवर चालू असताना थाळ्या वाजवल्या त्या निषेध म्हणून. थाळी तीच, आवाज तोच, नऊ महिन्यांत अर्थ पार उलटा झाला. त्यामुळे थाळी वाजवणं शोभतं की नाही हा प्रश्नच नाही, कोण कुणाच्या समोर वाजवतंय ते बघायचं.

आता मुंबईचं सांगते. १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसं अजून आहेत. रॉकेल नाही, गोडेतेल नाही, रेशनला लाईन लावायची आणि नंबर आला की माल संपलेला असायचा. तेव्हा समाजवादी, कम्युनिस्ट अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एकत्र आल्या आणि महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी, कमल देसाई. यांनी काढलेले लाटणे मोर्चे मुंबई कधी विसरली नाही. गोरेगावच्या पाण्यासाठी भांडून मृणालताईंना तर लोक पाणीवाली बाईच म्हणायला लागले होते. १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि यांतल्या कितीतरी जणी तुरुंगात गेल्या. काका म्हणतात सुशिक्षितांना शोभत नाही, तर या सगळ्या शिकलेल्या, सभागृहात बोलणाऱ्या बायका होत्या हो, आणि त्यांच्या मागे ज्या चालत होत्या त्यांतल्या कित्येकींनी त्याआधी एकटीने कधी स्टेशनचा पूलही ओलांडला नव्हता.

माझी आई त्यांतली एक. आमच्या माळ्यावर तिची स्टीलची थाळी अजून आहे, एका बाजूच्या काठाला सहा-सात पोचे, लाटण्याचं टोक जिथे बसायचं तिथे. आजीने तिला निघताना विचारलं होतं की लोकांसमोर भांडी बडवत जायला लाज नाही वाटत का, तर आई म्हणाली रिकामी थाळी घरात मुलांसमोर ठेवायची लाज वाटते. तिने ती थाळी नंतर जेवायला कधी वाढली नाही, मोडीतही दिली नाही. मी एकदा पोचे काढून आणते म्हटलं तर माझ्यावर एवढी चिडली की विचारू नका.

आणि तुमचं तर सरळसरळ देणं-घेणं आहे, त्याची रीत याहून जुनी आहे. आज आपण धरणं म्हणतो ते मुळात देणेकऱ्याच्या दारात धरून बसणं. पैसे बुडवणाऱ्याच्या उंबऱ्याशी जाऊन बसायचं, उठायचं नाही, खायचं नाही, आणि गावाला दिसू द्यायचं की या घरात माझे पैसे अडकलेत. ब्रॉटन नावाचा एक इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये शिंद्यांच्या छावणीत होता, त्याने लिहून ठेवलंय की पगार थकलेले शिपाई असे धरणं धरून बसायचे, अगदी बड्या सरदार-कारभाऱ्यांच्या दारात सुद्धा. इंग्रजांना या प्रकाराची एवढी धास्ती होती की १८६० च्या, २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या ५०८ व्या कलमात 'धरणं' हा आपला शब्द जसाच्या तसा उदाहरणात आला होता, म्हणजे दारात बसून समोरच्याला देवाच्या कोपाची भीती घालणं हा गुन्हा. तुम्ही देवाची भीती घालायला चालला नाहीत, करारात लिहिलेलं भाडं मागायला चाललाय, त्यामुळे त्या कलमाचा तुम्हाला काही त्रास नाही, पण काकांना हे नक्की वाचून दाखवा, फॅड कधीचं आहे ते कळेल.

सुशिक्षित म्हणजे काय याचं आणखी एक उदाहरण देते, लांबचं आहे पण तुमच्या गोष्टीशी अगदी जुळतं. अर्जेंटिनात २००१ च्या डिसेंबरमध्ये सरकारने लोकांची बँकेतली खाती गोठवली, स्वतःचेच पैसे काढता येईनात. १९ डिसेंबरला रात्री राष्ट्राध्यक्ष टीव्हीवर आले आणि आणीबाणी जाहीर केली, भाषण संपतंय न संपतंय तोवर राजधानीतल्या फ्लॅटफ्लॅटच्या खिडक्यांतून पातेली वाजायला लागली, मग लोक पातेली हातात घेऊनच खाली उतरले, नोकरदार, दुकानदार, पेन्शनर. त्या रात्री अर्थमंत्री पायउतार झाला आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षाने राजीनामा दिला, हेलिकॉप्टरने निघून गेला. ते लोक याला कासेरोलासो म्हणतात, कासेरोला म्हणजे पातेलं. आइसलँडमध्ये बँका बुडाल्यावर २००९ च्या जानेवारीत लोक संसदेबाहेर तवे-पातेली वाजवत उभे राहिले, भर थंडीत, आणि महिना संपायच्या आत सरकार पडलं. ही सगळी आपल्या काकांसारखीच बँकेत एफडी ठेवणारी माणसं होती.

बाकी पोलिसांचं. मुंबईत पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश वरचेवर निघत असतात, म्हणून आधी त्या हद्दीतल्या पोलीस स्टेशनला लेखी पत्र द्या, किती जणी येणार, कुठे उभ्या राहणार, किती वाजता, आणि पोच घ्या. लाऊडस्पीकर नेऊ नका, त्याची परवानगी वेगळी. रात्री १० नंतर तर अजिबात नाही. आसपास हॉस्पिटल, शाळा किंवा कोर्ट असेल तर १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असू शकतं, ते आधी चालत जाऊन बघून या. ऑफिसच्या दाराचा रस्ता अडवू नका, फूटपाथच्या एका बाजूला उभ्या राहा. बिल्डरच्या घरी मात्र जाऊ नका, त्याची म्हातारी आई आणि शाळेत जाणारी मुलं यांनी तुमचं भाडं थकवलेलं नाही. बोर्डवर शिवी किंवा चोर-लुटारू असं काही लिहू नका, नुसता आकडा लिहा, ३८ घरं, ११ महिने, इतके रुपये. लोक थांबून वाचतात ते आकडाच वाचतात. आणि हे सगळं चालू असताना वकिलाची नोटीस जायलाच हवी, करारनाम्यात बँक गॅरंटीचं कलम आहे का बघा, उपनिबंधकांकडे पत्र द्या. थाळीने तो माणूस दार उघडेल, पैसे कागदानेच निघतील.

प्रश्न : ताई, मी एफवायबीएला आहे, इतिहास घेतलाय. आमच्या सरांनी लेक्चरला शारिवारी आणि रफ म्युझिक हे शब्द सांगितले पण बेल झाली. मला प्रोजेक्टसाठी हाच विषय घ्यायचाय. हे नक्की काय असतं आणि आपल्या महाराष्ट्रात असं काही होतं का?
— एक विद्यार्थिनी, विलेपार्ले

उत्तर : विषय झकास निवडलायस. शारिवारी हा फ्रेंच शब्द, इंग्लंडमध्ये त्यालाच रफ म्युझिक म्हणायचे, म्हणजे ओबडधोबड वाजवणं. जर्मन लोक मांजरांचं संगीत म्हणतात. गावातल्या कुणी गावाला न पटणारं काही केलं की रात्री पोरं जमायची, तवे, कढया, गुरांच्या गळ्यातल्या घंटा, शिंगं, हाताला येईल ते घेऊन त्याच्या खिडकीखाली बडवायचं, तोंडाला काजळी, अंगात उलटे कपडे. १४ व्या शतकाच्या सुरुवातीच्या एका फ्रेंच हस्तलिखितात याचं चित्रच आहे, मुखवटे घातलेली माणसं भांडी वाजवतायत. इंग्लंडमध्ये पुढे जाऊन त्या माणसाचा पुतळा करायचा, गाढवावर उलट्या तोंडाने बसवून फिरवायचा, लागोपाठ रात्री वाजवायचं आणि शेवटी जाळायचा. बव्हेरियात तर तोंडं काळी केलेली माणसं मध्यरात्री जमून त्या माणसाची सगळी पापं यमक जुळवून मोठ्याने वाचायची, मधे मधे भांड्यांचा दणदणाट.

आता हे वाचताना तुला गंमत वाटेल पण वाजवायचे कुणाच्या दारात ते बघ. म्हाताऱ्या विधुराने तरुण मुलीशी लग्न केलं, विधवेने पुन्हा लग्न केलं, नवऱ्यावर बायको वरचढ झाली, की वाजवा. म्हणजे बराचसा काळ हा गोंगाट रूढीच्या बाजूने होता, वेगळं वागणाऱ्याला सरळ करायला होता. पुढे हळूहळू दिशा बदलली. इंग्लंडमध्ये १९ व्या शतकात बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांच्या दारात जास्त वाजायला लागलं, ई. पी. थॉम्पसन या इतिहासकाराने यावर फार चांगलं काम केलंय, लायब्ररीत त्याचं नाव विचार. वेल्समध्ये १८३९ ते १८४३ या काळात शेतकरी बायकांचे कपडे घालून, तोंडं काळी करून, शिंगं फुंकत रात्री टोलनाके फोडायचे, त्याला रिबेकाचं बंड म्हणतात, त्याचं मूळ अशाच गावच्या धिंडीत आहे. कॅनडात १८३७ च्या बंडात सरकारी न्यायाधीशांनी राजीनामे द्यावेत म्हणून त्यांच्या दारात शारिवारी झाली. आणि पॅरिसमध्ये १८३२ ला राजाची खिल्ली उडवणारं व्यंगचित्रांचं दैनिक निघालं त्याचं नावच 'ल शारिवारी', लंडनच्या 'पंच'ने १८४१ मध्ये आपल्या नावाखाली 'लंडनची शारिवारी' असं लावलं, आणि त्या पंचचं नाव घेऊन आपल्या ठाण्यातून 'हिंदू पंच' नावाचं मराठी साप्ताहिक निघायचं. खिडकीखालचं भांडं असं छापखान्यात गेलं.

महाराष्ट्रात होतं का, तर अगं आपल्या भाषेत कान देऊन बघ. धिंड काढणं, धिंडवडे निघणं, नावाने शिमगा करणं, बोंब ठोकणं, डांगोरा पिटणं, चव्हाट्यावर आणणं, तोंडाला काळं फासणं. निम्म्या शब्दांतून आवाज येतोय. होळीला पालथा हात तोंडावर मारून बोंब ठोकतात ती तू ऐकली असशील, कोकणात शिमग्याला फाका घालतात, यमक जुळवलेल्या, शिव्यांच्या सुद्धा, आणि त्या दिवशी कुणी वाईट मानायचं नाही असा अलिखित नियम. वर्षभर ज्याच्यापुढे तोंड उघडता येत नाही त्याच्या नावाने त्या दिवशी उघडता येतं. आपल्या वरळीच्या बीडीडी चाळीत होळीला पुतळे करतात ते याच घराण्यातले, २०१८ ला तिथे बँक घोटाळ्यातल्या नीरव मोदीचा अवाढव्य पुतळा उभा करून जाळला होता. प्रोजेक्टसाठी तिथल्या जुन्या लोकांना जाऊन भेट, आधी कुणाकुणाचे पुतळे जाळले याची यादी मिळाली तर तीच तुझी मुख्य माहिती.

आता नीट लिहून घे अशी दोन उदाहरणं, दोन्ही पुण्यातली. १८७५ मध्ये दयानंद सरस्वती पुण्यात व्याख्यानं द्यायला आले होते, महादेव गोविंद रानडे वगैरे मंडळींनी बोलावलं होतं. व्याख्यानं संपल्यावर त्यांची मिरवणूक निघाली, तर विरोधकांनी त्याच दिवशी एक गाढव सजवलं, त्याला गर्दभानंद असं नाव दिलं आणि त्याची वाजतगाजत मिरवणूक काढली, दयानंदांच्या मिरवणुकीवर चिखल फेकला. तेव्हा महात्मा फुले आपली माणसं घेऊन संरक्षणाला मिरवणुकीबरोबर चालले. फ्रान्समधल्या गावच्या शारिवारीत जे जे असतं ते सगळं यात आहे बघ, गाढव, खोटं नाव, गोंगाट, चिखल. दुसरं आगरकरांचं. सुधारणेची बाजू घेतली म्हणून सनातनी लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, आणि आगरकरांनी ती स्वतःच्या डोळ्यांनी बघितली. आज खड्ड्यांवरून, पाण्यावरून प्रतीकात्मक अंत्ययात्रा निघतात, तिरडी, मडकं, रडारड सगळं करतात, तेव्हा मला दर वेळी आगरकर आठवतात, हत्यार तेच, पण तेव्हा ते एका एकट्या माणसावर चालवलं होतं आणि आज ते यंत्रणेवर चालतं.

आणि एक गोष्ट प्रोजेक्टमधून गाळू नकोस. धिंडीचा सगळ्यात जास्त मार आपल्याकडे दलितांनी खाल्लाय, बायकांनी खाल्लाय. १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात नग्न धिंड काढणं, तोंड रंगवणं हे आहेच, पुढे २०१५ च्या दुरुस्तीत चपलांचा हार घालणं, डोकं भादरणं, मिशा काढणं हे एक एक शब्द लिहून घालावं लागलं. कायद्यात एखादा शब्द येतो म्हणजे ते कुणावर तरी झालेलं असतं. नुसता गमतीचा लोकाचार म्हणून लिहिलंस तर अर्धाच विषय होईल.

तुला परदेशी जास्त हवं असेल तर चिली बघ, १९७१ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष अलेंदेच्या डाव्या सरकारविरुद्ध बायकांनी रिकाम्या पातेल्यांचा मोर्चा काढला आणि १९८३ मध्ये तीच पातेली पिनोशेच्या हुकूमशाहीविरुद्ध वाजली, म्हणजे पातेल्याला पक्ष नसतो. म्यानमारही बघ, १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून रोज रात्री ८ वाजता घराघरांतून भांडी वाजायला लागली. त्यांच्याकडे घरातली भुतंखेतं, पीडा घालवायला भांडी बडवतात, तो अर्थ सगळ्यांना न सांगता कळला.

प्रश्न : आमच्या मिस्टरांचं मूळ गाव बीड जिल्ह्यात. तिकडे केज तालुक्यातल्या विड्याला धुळवडीला जावयाला गाढवावर बसवतात. माझ्या ऑफिसात हे सांगितलं तर सगळे म्हणाले किती अपमानास्पद. असं आहे का?
— एक वाचक, कांजुरमार्ग

उत्तर : नाही हो. विड्याची ही चाल पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, गावात गाढवावरून वाजतगाजत फिरवतात आणि शेवटी जावयाला नवे कपडे करून मान देतात. आदल्या दिवसापासून जावई लपतात आणि गावची पोरं शोधत फिरतात ते अर्थातच खेळाचा भाग आहे. वर्षभर ज्या जावयाच्या पुढे सगळं घर वाकतं त्याची एक दिवस गंमत करायची, सगळे हसतात, तोही हसतो आणि संध्याकाळी घरी जेवायला बसतो. ज्याला गाढवावरून उतरवून घरात घेतात त्याचा अपमान झालेला नसतो. हेच गाढव गर्दभानंदाच्या मिरवणुकीत होतं तेव्हा उतरवून घरात घ्यायचं कुणाच्या मनात नव्हतं. ऑफिसातल्यांना पुढच्या धुळवडीला घेऊन जा, दाखवा.

प्रश्न : ताई, मी आमच्या सोसायटीच्या कमिटीत आहे, बोरिवलीला. एका फ्लॅटमधल्या बाईंचा मेन्टेनन्स १९ महिने थकलाय, रक्कम लाखाच्या वर गेलीय. आमच्या सेक्रेटरींनी मीटिंगमध्ये सुचवलं की महापालिका टॅक्स बुडवणाऱ्यांच्या दारात बँड लावते तसं आपण रविवारी सकाळी तिच्या मजल्यावर ढोल वाजवायचा, व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचा, लगेच पैसे येतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या बाईंचे मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले, मुलगा दहावीला आहे. मला बरं वाटत नाहीये पण मी काही बोलले नाही. नियमाने बघितलं तर पैसे त्या देणं लागतातच ना?
— एक कमिटी मेंबर, बोरिवली

उत्तर : लागतात, त्यात वादच नाही. पण ढोल वाजवू देऊ नका. माझी हात जोडून विनंती आहे.

पुण्यात महापालिकेने थकबाकीदारांच्या दारात बँड लावले हे खरं आहे, आणि कोट्यवधी थकवून बसलेल्या मोठ्या मिळकतींसमोर तो बँड वाजतो तेव्हा लोकांना बरं वाटतं ते मी समजू शकते. पण तीच युक्ती खाली उतरत उतरत कुठे येते बघा. हागणदारीमुक्तीच्या वेळी गावोगाव गुड मॉर्निंग पथकं होती, पहाटे उघड्यावर बसलेल्या माणसाला गाठायचं, शिट्टी वाजवायची, गुलाबाचं फूल द्यायचं. हेतू चांगला होता, गावं स्वच्छ झाली हेही खरं. पण पहाटेच्या अंधारात शिट्टी ऐकून अर्धवट उठलेल्या बाईचा विचार करा, जिच्या घरात संडास बांधायला जागाच नाही. तिच्या समोर शिट्टी वाजवणारा रात्री आपल्या घरच्या संडासात जाऊन आलेला असतो.

एक गोष्ट सांगते, मी ती फारशी कुणाला सांगितलेली नाही. आम्ही लहानपणी परळला चाळीत राहायचो. तिसऱ्या मजल्यावर एक बाई होत्या, नवरा सोडून गेलेला, दोन मुली. त्यांच्याकडे एक गृहस्थ यायला लागले, पुढे त्यांनी लग्नही केलं, पण त्याआधी चाळीने काय ते ठरवून टाकलं होतं. मोठी माणसं काही बोलायची नाहीत, आम्हा पोरांना मात्र कुणीतरी डबे काढून दिले. डालडाचा रिकामा डबा आणि उलथनं. त्या नळावर आल्या की आम्ही मागून वाजवायचो, जिना चढेपर्यंत. मी आठ वर्षांची होते. त्या कधी मागे वळल्या नाहीत, घागर डाव्या कमरेवर आणि उजव्या हाताने कठडा धरून एक एक पायरी चढायच्या, आणि डबा वाजला की घागरीतलं पाणी हिंदकळून त्यांच्या पदरावर सांडायचं. त्यांची धाकटी मुलगी माझ्याच वर्गात होती. आठवडाभर वाजवलं असेल, मग एक दिवस आमच्या आईला कळलं, तिने माझ्या हातातला डबा घेतला आणि मला त्यांच्या दारात नेऊन उभं केलं, माफी माग म्हणाली. मी मागितली. त्या म्हणाल्या, आत ये, लाडू खा. मला तो लाडू गिळता आला नव्हता. महिन्याभरात त्यांनी खोली सोडली.

त्याच आईने मोर्च्यात थाळी वाजवलेली होती, म्हणून तिला फरक कळत होता. मोर्च्यातली बाई थाळी वाजवते कारण समोरचा मंत्री, समोरचा बिल्डर तिचं एरवी ऐकतच नाही, त्याच्याकडे पोलीस आहे, वकील आहे, बंद काचेची गाडी आहे, आणि तिच्याकडे एक लाटणं. तुमच्या सोसायटीत ७० घरं असतील, कमिटी आहे, लेटरहेड आहे, कायदा तुमच्या बाजूने आहे, आणि दाराच्या पलीकडे एक बाई आणि अभ्यास करणारा मुलगा. तिथे ढोल कशाला हवा? सहकार कायद्यात वसुलीचा रस्ता आहे, नोटीस द्यायची, उपनिबंधकांकडे अर्ज करायचा, वसुलीचा दाखला घ्यायचा. वेळ लागतो पण पैसे येतात. व्हिडिओचं तर नावच काढू नका, ढोल एका रविवारी थांबेल, व्हिडिओ त्या मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर पोचला की तो कधीच थांबणार नाही. जात पंचायतींनी माणसांना असंच वाळीत टाकलं म्हणून महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्यात. सोसायटी म्हणजे जात पंचायत नव्हे, पण मीटिंगमध्ये सगळ्यांनी एकदम माना डोलावल्या असं तुम्ही लिहिलंत ते वाचून मला आमच्या चाळीतली डबे काढून देणारी माणसंच दिसली.

तुम्ही मीटिंगमध्ये गप्प बसलात म्हणून स्वतःला दोष देऊ नका, अजून वेळ गेलेली नाही. सेक्रेटरींना आजच लिहा की माझा याला विरोध आहे आणि तो मिनिट्समध्ये नोंदवा. एकाने लिहिलं की आणखी दोघं-तिघं लिहितील, बहुतेक जण तेच लिहायला कुणाची तरी वाट बघत असतात. व्याज माफ करता येईल का, मुद्दल १२ किंवा १८ हप्त्यांत घेता येईल का हे ट्रेझररना विचारून एका कागदावर मांडा. मुलाची परीक्षा मार्चमध्ये असेल तर पहिला हप्ता एप्रिलपासून ठेवा. मग शनिवारी दुपारी, कमिटी म्हणून नाही, तुम्ही आणि मजल्यावरची आणखी एखादी बाई अशा दोघीच जा, बेल वाजवा, आणि आधी मुलाचा अभ्यास कसा चाललाय ते विचारा, कागद नंतर काढा.